शंभर नळ्या

एकतीस तारखेला रात्री नऊला
मुलाणी हवालदारांनी खोकं माझ्या हातात दिलं.
“शंभर हायेत. मोजून घे, पिसाळ.
सकाळी मोजून द्यायच्यात.”
प्लास्टिकच्या नळ्या, प्रत्येक वेगळ्या पिशवीत,
लग्नात सरबताला असतात तशा, जरा आखूड.

यवतेश्वरचा घाट जिथं दमून शहरात शिरतो
तिथं आमची दोन बॅरिकेडं.
त्यांवर सराफाचं नाव, चोवीस कॅरेट,
खाली बारक्या अक्षरांत: वाहने सावकाश चालवा.
किल्ल्यावर एकच दिवा. थंडी अशी
की शिट्टी ओठाला चिकटते.

वरून उजेड उतरताना दिसतात.
वळणाआड जातात, परत येतात.
सरळ येणारे कुठले, वाकडे येणारे कुठले
हे मला गाडी दिसायच्या आधीच कळतं.
आधी उजेड झिंगतो, माणूस मागाहून.

“ताई, निस्ती बियर.”
“मॅडम, खोकल्याचं औषध.”
“आमचे मामा कोण, माहितीये का?”
मामा असतातच. रात्री अकरानंतर
साताऱ्यात ज्याला त्याला एक मामा उगवतो
आणि नेमका त्याचा फोन लागत नाही.
यंदा एकाचा लागला.
साहेब बाजूला जाऊन बोलले, परत आले,
माझ्याकडे न बघता म्हणाले, “घे, फुंकायला लाव.”
साहेबांविषयीचं माझं मत
त्या रात्रीपुरतं बदललं.

मी एवढंच म्हणते: फुंका.
जोरात. अजून. अजून. थांबा.
जन्मात कुणी माझं इतकं ऐकलं नव्हतं.

पावणेबाराला एक दुचाकी. अंगाला असा दर्प
की मशीनच्या आधी मी पावतीपुस्तक उघडलं.
कासकडच्या हॉटेलात वेटर. बामणोलीचा शेलार.
“दारू शर्टावर हाय मॅडम, पोटात चहा.
सात नंबरच्या टेबलानं ग्लास मारला अंगावर.”
फुंकला. शून्य.
पुन्हा फुंकला. शून्य.
काही न बोलता त्यानं किक मारली
आणि मला माझ्या नाकाची लाज वाटली.

बाराला खाली शहरात फटाके.
त्याच वेळी एक पांढरी गाडी.
उजेड सरळ, अगदी रेघेत. मला फसवणारे.
काच खाली आली, बडीशेपेचा वास आला.
नवरा, बायको, मागं कानटोपीतली मुलगी.
मशीनवर एकशे बारा.
बायको समोरच्या काचेतून पुढंच बघत राहिली,
जशी काही गाडी अजून चालूच आहे.
तिला चालवता येत नव्हती. किंवा येत असेल.
तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

किल्ली मुलाणींच्या खिशात.
करंज्यातून दीर निघाला म्हणे.
तोवर पोर तंबूत, माझ्या खुर्चीवर, माझ्या टोपीत.
“पप्पांनी फुगा फुगवला?”
“हो.”
“मग फुगा कुठाय?”
मला सुचलं नाही काही.
“मी पण.”

मी पिशवी फाडली, नवी नळी बसवली.
तिनं डोळे मिटले, गाल फुगवले
आणि पडलेल्या दाताच्या फटीतून
होती नव्हती तेवढी हवा आत सोडली.

“मला किती?”
“शून्य.”
चेहरा उतरला. शून्याचा अर्थ
तिला शाळेनं शिकवलेला.
“आणि पप्पांना?”
“एकशे बारा.”
“शंभरपैकी?”

मी काही म्हणायच्या आत
ती टोपीसकट बाहेर पळाली.
“पप्पा! तुम्ही पहिले आलात!”
बाप बॅरिकेडला धरून उभा होता,
चोवीस कॅरेटवर हात ठेवून.
बायको तेव्हा पहिल्यांदा
गाडीतून उतरली.

सकाळी सहाला हिशेब.
नोंदवहीत नावं त्रेसष्ट, शिल्लक नळ्या छत्तीस.
मुलाणींनी दोनदा मोजलं.
“एक जास्त गेलीय. कुणाची?”
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
एक नळी सदोष.

मुलाणी रात्री तंबूच्या दारातच उभे होते.
त्यांनी चष्मा पुसला,
दव पडलंय म्हणाले,
आणि सही केली.